संगीतसूर्य केशवराव भोसले : एकतीस वर्षांचा झंझावात

कोल्हापूरच्या खासबाग मैदानाला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि १९१५ पासून रसिकांच्या सेवेत असलेल्या या वास्तूचा रंगमंच व प्रेक्षागृह काही तासांत जळून गेले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचे नाव ही वास्तू मिरवत होती त्या केशवरावांची जयंती होती. शोकाकुल कोल्हापूरकरांनी ती जळक्या भिंतींच्या सान्निध्यातच पाहिली. नव्या पिढीतील अनेकांना मात्र केशवराव भोसले हे नाव एका नाट्यगृहापुरतेच ठाऊक असावे. ज्या गायकनटाला मराठी रसिकांनी संगीतसूर्य म्हटले, त्याच्या आयुष्याची कहाणी त्या वास्तूहून कमी नाट्यमय नाही.

केशवराव विठ्ठल भोसले यांचा जन्म कोल्हापुरात ९ ऑगस्ट १८९० रोजी झाला. पित्याचे छत्र लवकर हरपले आणि घरी दारिद्र्य आले. शाळेची पायरी चढण्याच्या वयात हा मुलगा जनूभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. त्या काळी नाटक कंपनीत जाणे म्हणजे घर सोडून बिऱ्हाडासह गावोगाव भटकणे होते. कंपनीच्या पंगतीत दोन वेळचे जेवण मिळे आणि तालमीत गाण्याचे शिक्षण. गरीब घरातल्या गोड गळ्याच्या मुलांसाठी हाच एक राजमार्ग होता. तो खडतर होता, हे वेगळे सांगायला नको.

स्त्रियांनी रंगभूमीवर येण्याची प्रथा तेव्हा नव्हती. कोवळ्या केशवच्या वाट्याला साहजिकच नायिकेच्या भूमिका आल्या. त्यांतली 'शारदा' त्याला नाव देऊन गेली. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले होते. पैशाच्या लोभाने वृद्ध वराच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या अल्पवयीन मुलीची ती कथा. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला 'शारदा कायदा' म्हणतात ते या नाटकावरून, असा समज पुष्कळांचा आहे, वस्तुतः ते नाव कायद्याचे प्रणेते हरबिलास सारडा यांच्यावरून आले.) वयाने आणि देहयष्टीने खरोखरच लहान असलेला हा नट जेव्हा भेदरलेल्या शारदेचे पद आर्ततेने गाऊ लागे, तेव्हा नाटक आणि वास्तव यांतले अंतर प्रेक्षकांना उरत नसे. केशवरावांची ही शारदा महाराष्ट्रभर गाजली आणि कंपनीचा गल्ला तिच्यावर चालू लागला.

मात्र गल्ला भरणाऱ्या नटाला मान मिळतोच असे नाही. मालकांशी खटके उडाल्यावर केशवरावांनी स्वदेशहितचिंतक सोडली आणि १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे 'ललितकलादर्श' या स्वतःच्या नाटक मंडळीची स्थापना केली. तेव्हा त्यांना अठरावे वर्ष चालू होते. हाताशी भांडवल नाही, शिक्षण बेताचे आणि समोर किर्लोस्कर मंडळीसारखी प्रस्थापित संस्था. शिवाय नाटकाचा धंदा त्या काळी बहुतांशी ब्राह्मण मंडळींच्या हाती होता. बहुजन समाजातील एका तरुणाने तिथे मालक म्हणून उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती. गुणग्राहक शाहू महाराजांचे प्रोत्साहन त्यांना लाभले, पण कंपनी तगली ती केशवरावांच्या गळ्यावर आणि त्यांच्या चिकाटीवर.

गळा असूनही त्यांनी शिकणे थांबविले नाही. ग्वाल्हेर परंपरेचे तालेवार गवई रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांनी घेतली आणि ललितकलादर्शच्या नाटकांना बुवांच्या चाली मिळाल्या. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या जमान्यात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा उंच पट्टीचा, धारदार आवाज आणि तुफानी तान ही केशवरावांची ओळख होती. बालगंधर्वांचे गाणे लडिवाळ, मुलायम. केशवरावांचे अंगावर धावून येणारे. पुढे मास्टर दीनानाथांच्या आक्रमक गायकीने रसिकांना वेड लावले, तेव्हा जुन्या मंडळींना केशवरावांचीच आठवण झाली.

नाटकांच्या निवडीतही त्यांची नजर वेगळी दिसते. वीर वामनराव जोशी यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' मध्ये त्यांनी मृणालिनी रंगविली. मामा वरेरकरांसारख्या, तेव्हा नव्या असलेल्या नाटककाराला त्यांनी आपल्या रंगमंचावर जागा दिली. हुंड्याच्या प्रश्नावरील 'हाच मुलाचा बाप' आणि धर्मांतराचा विषय हाताळणारे 'संन्याशाचा संसार' ही वरेरकरांची नाटके ललितकलादर्शने केली. पुराणातील राजेराण्यांवर पोसलेल्या संगीत रंगभूमीवर चालू काळाचे विषय आणणे हा धंद्याच्या दृष्टीने धोकाच होता. नेपथ्याकडेही त्यांनी तितक्याच हौसेने लक्ष दिले. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंच्या कुंचल्यातून उतरलेले पडदे कंपनीचे वैभव ठरले. मराठी रंगमंचाला मखमली दर्शनी पडदा देण्याचे श्रेयही केशवरावांकडेच जाते.

आणि मग आला १९२१ चा जुलै महिना. लोकमान्य टिळकांचे आदल्या वर्षी १ ऑगस्टला निधन झाले होते आणि त्यांच्या स्मृत्यर्थ महात्मा गांधींच्या पुढाकाराने टिळक स्वराज्य फंडासाठी १ कोटी रुपये उभारण्याची मोहीम देशभर चालू होती. या फंडाच्या मदतीसाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श यांनी एकत्र येऊन 'संगीत मानापमान'चा संयुक्त प्रयोग करावा, असे ठरले. एरवी हे दोन संघ एकमेकांचे कट्टर स्पर्धक. त्यांच्या चाहत्यांचे तट पडलेले, वादही हमरीतुमरीवर येणारे. अशा स्थितीत ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या ग्रँट रोडवरील बालीवाला थिएटरात बालगंधर्व भामिनीच्या आणि केशवराव धैर्यधराच्या भूमिकेत समोरासमोर उभे राहिले.

नाटकाची निवड समर्पक होती. लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांचे निकटचे अनुयायी. पदांना चाली गोविंदराव टेंबे यांच्या. श्रीमंतीच्या तोऱ्यात शूर पण गरीब सेनापतीला झिडकारणारी भामिनी आणि पराक्रमाचा अभिमान बाळगणारा धैर्यधर असा त्यातला सामना. उंची शालू नि दागिन्यांनी नटलेल्या बालगंधर्वांपुढे, दारिद्र्यातून वर आलेले केशवराव हा धैर्यधर साकारत होते, हा योगायोग रसिक प्रेक्षकांच्या नजरेतून सुटला नसणार. तिकिटांचे दर नेहमीच्या कित्येक पटींनी वाढविलेले असतानाही थिएटर तुडुंब भरले. भामिनी ही बालगंधर्वांनी १९११ च्या पहिल्या प्रयोगापासून घडविलेली भूमिका, त्यामुळे घरचे मैदान त्यांचे होते. तरीही केशवरावांनी पदापदाला टाळ्या घेतल्या. कोण सरस ठरले, हा वाद नंतर वर्षानुवर्षे रंगला. दोन्ही बाजूंचे पुरावे त्या रात्री थिएटरात असलेल्यांच्या कानांतच होते, म्हणून त्याचा निकाल लागणे शक्यही नव्हते. आणखी एक बाब नोंदविण्याजोगी आहे. शाहू महाराज आणि लोकमान्य यांचे वेदोक्त प्रकरणापासूनचे वैर सर्वश्रुत होते; महाराजांच्या कृपाछायेतील या नटाने टिळकांच्या नावे उभारलेल्या फंडासाठी मात्र आपला गळा विनासंकोच पणाला लावला.

त्या प्रयोगानंतर केशवरावांचे नाव कीर्तिशिखरावर होते. ललितकलादर्शने त्याच वर्षी 'शहा शिवाजी' हे नाटक हाती घेतले होते आणि स्त्रीभूमिकांतून पुरुषभूमिकांकडे वळलेल्या केशवरावांपुढे कारकिर्दीचा नवा टप्पा होता. नियतीला ते मंजूर नव्हते. संयुक्त मानापमानला तीन महिनेही लोटले नव्हते, तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी आजारपणात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकतीस. त्याच वयात बालगंधर्वांनी 'एकच प्याला'मधील सिंधू नुकतीच उभी केली होती आणि त्यांच्यापुढे अजून कित्येक वर्षांची रंगभूमी शिल्लक होती. केशवरावांचे गाणे त्यांच्या ऐन बहरात थांबले.

मालक गेल्यावर कंपनी फुटावी, हा त्या धंद्याचा शिरस्ता. ललितकलादर्शचे तसे झाले नाही. केशवरावांच्या तालमीत तयार झालेले गायकनट बापूराव पेंढारकर यांनी धुरा उचलली आणि वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' १९२२ मध्ये त्याच बॅनरखाली रंगभूमीवर आले. बापूराव १९३७ मध्ये गेले. त्यानंतर त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी संस्थेचे पुनरुज्जीवन करून ती अनेक दशके चालविली आणि १९०८ मध्ये हुबळीला लागलेले ते रोपटे शतकापार नेले. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला केशवरावांचे नाव देण्यात आले ते १९५७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी. २०२४ च्या आगीनंतर त्याच जागी नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.