वाऱ्याला वळण लावणारे डॉ. घाटगे

भारतात आराखडा झालेल्या ‘एचटी-२’ या पहिल्या प्रशिक्षण विमानाचे शिल्पकार डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू येथे झाला. मुंबई विद्यापीठातील शिक्षणानंतर ते जर्मनीतील गॉटिंगेनला गेले. तेथे थोर वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

विमानाची प्रतिकृती स्थिर ठेवून तिच्यावरून वारा सोडणे, हे ‘विंड टनेल’चे काम. मात्र पंख्यातून निघणारा वारा असमान आणि गिरक्या घेणारा असतो. तो तसाच आदळल्यास मोजमापे फसतात आणि त्याची किंमत वैमानिकाला मोजावी लागते. म्हणून बंदिस्त बोगद्याच्या कोपऱ्यांत वक्राकार पट्ट्या बसवून वारा वळविला जातो. मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीतून तो सरळ केला जातो. पुढे निमुळत्या भागातून जाताना त्याचा वेग वाढतो आणि प्रवाह एकसारखा होतो. या रचनेचा पाया प्रांटल यांनीच गॉटिंगेन येथे घातला होता.

हे ज्ञान घाटगे यांनी मायदेशी आणले. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकी विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत त्यांच्या नेतृत्वाखाली साकारलेले ‘एचटी-२’ ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात झेपावले. हे विमान नवशिक्यांच्या हाती द्यायचे असल्याने हवेतील त्याच्या वर्तनाची खात्री अत्यावश्यक होती. पुढे वैमानिकांच्या अनेक पिढ्या त्यावर घडल्या.

घाटगे यांना १९६५ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.