दोन वर्षांचं घर

न्यूयॉर्कला गेलात तर हार्लेममधलं ‘हॅमिल्टन ग्रेंज’ जरूर बघा. दहा डॉलरच्या नोटेवर ज्याचा चेहरा आहे, त्या अलेक्झांडर हॅमिल्टनचं हे लाकडी घर. आता तिथे संग्रहालय आहे.

हॅमिल्टन कॅरिबियन बेटावरचा. वडील सोडून गेले, आई तापाने गेली. शाळकरी वयातच पोरगा व्यापाऱ्याकडे कारकुनी करू लागला. १७७२ मध्ये बेटावर भयंकर वादळ आलं. त्याने केलेलं त्याचं वर्णन छापून आलं आणि लोकांनी पैसे जमवून त्याला शिकायला अमेरिकेत धाडलं. पुढे तो स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनचा विश्वासू सहायक झाला आणि १७८९ मध्ये देशाचा पहिला अर्थमंत्री!

देशाची कर्जं मार्गी लावणारा हा माणूस स्वतःच्या घरापायी मात्र कर्जात बुडाला. १८०२ मध्ये घर उभं राहिलं. त्याच्या आदल्याच वर्षी थोरला मुलगा द्वंद्वयुद्धात गेला होता. तरी ११ जुलै १८०४ ला हॅमिल्टन स्वतः ॲरन बरसमोर पिस्तूल घेऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. हक्काच्या घरात जेमतेम दोन वर्षं!

पत्नी एलायझा त्यानंतर ५० वर्षं जगली. न्यूयॉर्कमध्ये अनाथाश्रम उभा करण्यात ती पुढे होती. अनाथ पोराची आठवण तिने अशी जपली.