बॅरिस्टर असफ अली असगर फैझी

मेहर, वारसा किंवा वक्फ यांचा वाद कोर्टात उभा राहिला की ज्यांच्या ग्रंथाचा आधार आजही घेतला जातो, ते फैझीसाहेब आपल्याच महाराष्ट्रातले.

त्यांचा जन्म १८९९ साली माथेरानला, सुलेमानी बोहरा घराण्यात झाला. मुंबईत शिक्षण घेऊन ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि तेथे अरबी-फारसी शिकले. बॅरिस्टरीची परीक्षा दिली ती वेगळी! मूळ अरबी वाचता येणारा वकील तेव्हाही विरळाच. मुंबई हायकोर्टात वकिली केल्यावर १९३८ ते १९४७ ते गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. 'आउटलाइन्स ऑफ मुहम्मदन लॉ' १९४९ साली निघाले. निकाहनाम्यात पत्नीला कोणत्या अटी घालून घेता येतात, याचे विवेचन त्यात आहे. मुलींच्या पालकांनी ते जाणत्या वकिलाकडून जरूर समजून घ्यावे.

पुढे इजिप्तमध्ये राजदूत, जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू, १९६२ साली पद्मभूषण. त्यांचे धर्मसुधारणेविषयीचे विचार सर्वांना पटले नाहीत. पण त्यांची विद्वत्ता कोणी नाकारली नाही.

मला मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. इस्माइली पंथाची जुनी हस्तलिखिते त्या काळी घराघरांत कुलूपबंद असत; परक्याच्या दृष्टीस पडत नसत. फैझीसाहेबांनी आपला संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. १९८१ साली, वयाची ८२ वर्षे पूर्ण करून ते अल्लाहला प्यारे झाले. त्यांच्या हयातीतच, १९६५ साली, त्या संग्रहाची सूची छापून अभ्यासकांच्या हाती पडली होती.