दारा शुकोह : हरलेली लढाई, टिकलेले काम



बसवकल्याणचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. १६५७ साली दक्षिणेचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने विजापूरकरांकडून मार्चमध्ये बीदर आणि जुलैअखेरीस हा कल्याणीचा किल्ला घेतला. आता पुढे विजापूर, असे वाटत असतानाच बादशहाचा हुकूम आला की लढाई थांबवा. या हुकुमामागे होता औरंगजेबाचा थोरला भाऊ दारा शुकोह. त्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

दाराचा जन्म २० मार्च १६१५ रोजी अजमेरला झाला. बादशहा शहाजहान आणि मुमताज महल यांचा हा थोरला मुलगा, वडिलांचा फार लाडका. धाकटे भाऊ दूरच्या सुभ्यांवर राहून युद्ध शिकले. दारा मात्र बहुतेक काळ दरबारातच राहिला. १६५३ मध्ये कंदाहारच्या मोहिमेत त्याला अपयश आले. त्याचा खरा ओढा ज्ञानाकडे होता. सूफी संत मियां मीर यांच्याविषयी त्याला अपार श्रद्धा होती. काशीच्या पंडितांना सोबत घेऊन त्याने सुमारे पन्नास उपनिषदे फारसीत आणली. हे काम पूर्ण झाले तेही १६५७ सालीच. म्हणजे एक भाऊ आपल्या भागात किल्ले घेत होता, तेव्हा दुसरा दिल्लीत ग्रंथ पुरा करत होता.

सप्टेंबर १६५७ मध्ये शहाजहान आजारी पडला आणि चार भावांत तख्तासाठी यादवी पेटली. दाराचा मुलगा सुलेमान शुकोह चांगली फौज घेऊन शुजाविरुद्ध पूर्वेला गेला होता. तो परतण्याआधीच २९ मे १६५८ रोजी आग्र्याजवळ समूगढच्या मैदानात दारा औरंगजेब आणि मुराद यांच्यासमोर उभा राहिला. बुंदीचे राव छत्रसाल हाडा, जे आदल्या वर्षी कल्याणीच्या वेढ्यात औरंगजेबाच्या फौजेत होते, ते येथे दाराच्या बाजूने लढताना पडले. ऐन लढाईत दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. रिकामी अंबारी पाहून सैन्याला वाटले, मालक गेला. फौज उधळली आणि काही तासांत हिंदुस्थानचे राज्य कोणाचे, हे ठरले.

पुढे देवराईलाही दारा हरला. मलिक जीवन नावाच्या सरदाराला त्याने पूर्वी मरणातून वाचवले होते. त्यानेच दाराला पकडून दिले. ३० ऑगस्ट १६५९ च्या रात्री दिल्लीत त्याला ठार मारण्यात आले. हुमायूनच्या मकबऱ्यात त्याला पुरले.

दारा चुकला नाही, असे आम्ही म्हणणार नाही. तो उतावळा होता, अनुभवी सरदारांचा मान राखत नव्हता. पण त्याच्या फारसी उपनिषदांवरून द्युपेराँ या फ्रेंच विद्वानाने लॅटिन भाषांतर केले. ते १८०१-०२ मध्ये छापले गेले आणि जर्मनीचा तत्त्वज्ञ शोपेनहौअर त्यानेच भारावला.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी लिहिताना आजही लेखणी कधी अडते. मुलांवर मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी इतक्या भाषांचे ओझे कशाला, असे काही पालक आम्हाला विचारतात. मंठाळच्या बाजारात आपली मुले कन्नड आणि उर्दू सहज बोलतात, ही आपली कमाई आहे. ती ओझे मानून टाकून देऊ नये. समूगढला दाराचे सारे गेले, राहिले ते एका भाषेतून दुसऱ्या भाषेत त्याने नेलेले ज्ञान. विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळी कल्याणीच्या बुरुजावर चढाल, तेव्हा या दुसऱ्या भावाचीही आठवण ठेवा.