थरांचे रहस्य उलगडणारे जॉर्ज फ्रीडेल

संगणकाच्या आणि दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यांमुळे ‘लिक्विड क्रिस्टल’ हे नाव घरोघरी पोहोचले. या पदार्थांचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण करणारे फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञ जॉर्ज फ्रीडेल यांचा मात्र या नावालाच ठाम विरोध होता.

फ्रीडेल यांचा जन्म १९ जुलै १८६५ रोजी म्युलूझ येथे झाला. त्यांचे वडील शार्ल फ्रीडेल हे नामवंत रसायनशास्त्रज्ञ होते. पॅरिसमध्ये खाण अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर जॉर्ज १८९३ मध्ये सांत-एतिएन येथील खाण विद्यालयात प्राध्यापक झाले आणि पुढे त्याच संस्थेचे संचालकही.

प्रागमधील फ्रीडरिश रायनित्झर यांना १८८८ मध्ये कोलेस्टेरॉलपासून बनलेला एक पदार्थ दोन टप्प्यांत वितळताना दिसला होता. जर्मन शास्त्रज्ञ ओटो लेमान यांनी अशा पदार्थांना द्रवरूप स्फटिक ठरवले. फ्रीडेल यांना ते मान्य नव्हते. स्फटिकातील रेणूंची तिन्ही दिशांनी पुनरावृत्त होणारी रचना येथे नाही आणि सामान्य द्रवातील पूर्ण अव्यवस्थाही नाही. तेव्हा ही पदार्थाची स्वतंत्र, मधली अवस्था आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९१० मध्ये फ्रँस्वा ग्राँझाँ यांच्यासह सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करताना त्यांना काही पदार्थांत लंबवर्तुळ आणि अपास्त यांच्या नेमक्या जोड्या आढळल्या. अशी भूमिती कशी निर्माण होते? पदार्थ समान जाडीच्या थरांचा बनलेला असेल आणि ते थर वाकूनही जाडी कायम राखत असतील, तरच हे शक्य होते. थर डोळ्यांना दिसत नव्हते. त्यांचे अस्तित्व केवळ तर्काने सिद्ध होत होते.

पहिल्या महायुद्धानंतर अल्सास प्रांत पुन्हा फ्रान्सकडे आला आणि १९१९ मध्ये फ्रीडेल स्ट्रासबूर्ग विद्यापीठात रुजू झाले. तेथूनच १९२२ मध्ये त्यांचा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. रेणू केवळ एका दिशेने रांगेत असतील तर नेमॅटिक, ती दिशा मळसूत्राप्रमाणे वळत गेल्यास कोलेस्टेरिक आणि रेणू थरांत रचलेले असल्यास स्मेक्टिक, अशी नावे त्यांनी दिली. स्मेक्टिक हा शब्द साबणासाठीच्या ग्रीक शब्दावरून आला. साबणातही असेच एकमेकांवरून घसरणारे थर असतात.

पुढच्याच वर्षी त्यांचे पुत्र एदमों आणि मोरीस द ब्रॉग्ली यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हे थर प्रत्यक्ष मोजले. पित्याच्या तर्काला पुत्राने पुरावा दिला.

स्मेक्टिक अवस्था एकच असते, हे त्यांचे मत मात्र टिकले नाही. रेणू थरांत उभे किंवा तिरके असण्यावरून तिचे अनेक प्रकार पुढे सिद्ध झाले. फ्रीडेल यांचे ११ डिसेंबर १९३३ रोजी स्ट्रासबूर्ग येथे निधन झाले. नावाचा वाद ते हरले. पण त्यांनी दिलेल्या तीन संज्ञांवाचून या शास्त्राचे पान आजही हलत नाही.