गळतीच्या मुलांचे नाईकसाहेब

आपल्यापैकी ज्यांनी बी. एड. केले आहे त्यांना ‘नुरुल्ला आणि नाईक’ ही जोडी आठवत असेलच. ब्रिटिश अमदानीतील भारतीय शिक्षणाचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४३ साली निघाला. परीक्षेपुरता आम्हीही तो चाळला. पण सय्यद नुरुल्लांच्या शेजारचे जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे, हे फार उशिरा कळले.

त्यांचा जन्म १९०७ चा, गरीब घरातला. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंगवास झाला. सुटल्यावर धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात ते काम करीत राहिले. पुढे १९४८ साली मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढली, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत लक्ष घातले आणि मग दिल्लीला केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार झाले.

१९६४ ते ६६ या काळात ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. दहावी-बारावीचा आकृतिबंध आपल्याला त्या अहवालाने दिला, आणि बहुतेकांना तेवढेच माहीत असते! पण श्रीमंत-गरीब, सर्व जातिधर्मांची मुले आपल्या वस्तीच्या एकाच शाळेत शिकावीत, ही शिफारसही त्यातच होती. ती कागदावर राहिली. आपल्या अंबरनाथ-बदलापुरात सकाळी रस्त्यावर उभे राहून वेगवेगळ्या गणवेशांच्या रांगा पाहा, म्हणजे पटेल.

मला स्वतःला नाईकसाहेब मोठे वाटतात ते मात्र दुसऱ्याच कारणासाठी. सातवीनंतर एखादा मुलगा उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यात जाऊ लागतो, खाडे वाढतात, मग हजेरीपटावरून नाव जाते. आपण त्याला गळती म्हणतो आणि दोष पालकांना देतो. नाईकांनी दोष शाळेला दिला. मुलाला दिवसा काम सोडता येत नसेल, तर शाळेने त्याच्या सवडीची वेळ धरावी, वय वाढले तरी त्याला पुन्हा प्रवेश द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते.

दिल्लीतील पदांतून मोकळे झाल्यावर ते पुण्यास आले. भारतीय शिक्षण संस्था तेथे १९७६ मध्येच हलवली होती. १९७९ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत संस्थेने अशा मुलांसाठी वर्ग सुरू केले. दिवसाचे काम उरकून मुले तेथे येत. काम जेमतेम रुळत होते, तोच ३० ऑगस्ट १९८१ रोजी नाईकसाहेब गेले. वर्ग बंद पडले नाहीत. त्यांच्या पत्नी, शिक्षणतज्ज्ञ डॉ. चित्रा नाईक यांनी ते पुढे चालवले.