ज्यांच्या नावाचे क्रियापद झाले

जालना जिल्ह्यातल्या असईचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १८०३ च्या सप्टेंबरात तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांना हरवणारा आर्थर वेलस्ली पुढे वॉटर्लूवर नेपोलियनलाही भारी पडला आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आला. १८५२ मध्ये तो वारला, तेव्हा लंडनने त्याची अंत्ययात्रा एखाद्या सम्राटाला शोभेल अशी काढली. वॉटर्लूला मिळालेल्या तोफांचे ब्राँझ वापरून खास रथ घडवला होता आणि त्याला बारा घोडे जुंपले होते. एवढे करून तो अजस्र रथ भर रस्त्यात रुतून बसला, ती गोष्ट वेगळी. या अंत्यविधीची व्यवस्था होती लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील बँटिंग यांच्या पेढीकडे.

ही पेढी राजघराण्याची. घरातले लाकडी सामान करायचे आणि वेळ आली की शेवटचा प्रवासही मार्गी लावायचा, असा दुहेरी व्यवसाय. १८२० मध्ये तिसरा जॉर्ज, १८३० मध्ये चौथा जॉर्ज आणि १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांचे अंत्यविधी तिनेच पार पाडले. पेढीचे मालक विल्यम बँटिंग हे सालस, देवभीरू, हिशेबाला चोख असे गृहस्थ. अशा माणसाचे चरित्र एरवी कोणी लिहिले नसते. पण त्यांच्या आडनावाचे इंग्रजीत क्रियापद झाले, आणि स्वीडिश भाषेत तर आजही वजन कमी करण्यासाठी पथ्य करणे याला ‘बांता’ असेच म्हणतात. त्याचे कारण त्यांचे पोट.

बँटिंग यांचा जन्म १७९६ च्या सुमाराचा. आईकडे किंवा वडिलांकडे कोणी लठ्ठ नव्हते, तरी या माणसाला तरुणपणापासून लठ्ठपणाची धास्ती होती. तिशी ओलांडली आणि धास्ती खरी ठरू लागली. एका डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. बँटिंग यांचे घर नदीजवळ. त्यांनी एक भक्कम होडी घेतली आणि रोज पहाटे दोन-दोन तास वल्ही मारू लागले. दंड पिळदार झाले हे खरे, पण भूकही अशी खवळली की वजन आणखी वाढले. सकाळच्या फिरण्यानंतर मिसळीवर ताव मारणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवे काही वाटणार नाही.

मग सुरू झाली डॉक्टरांची यात्रा. घोडेस्वारी झाली, समुद्राची हवा झाली, लेमिंग्टन, चेल्टनहॅम आणि हॅरोगेट इथल्या औषधी पाण्याच्या वाऱ्या झाल्या, बाटल्यांवर बाटल्या औषध पोटात गेले. तुर्की पद्धतीची बाष्पस्नाने केली, त्यांनी जेमतेम काही पौंड उतरले. मध्येच कोणाच्या सांगण्यावरून अर्धपोटी राहून पाहिले, तर अशक्तपणा आला आणि अंगावर गळवे उठली. त्यातली दोन इतकी मोठी की शस्त्रक्रिया करावी लागली. एका नामांकित डॉक्टरांनी तर हात टेकून सांगितले, की वयाबरोबर वजन वाढणे हा निसर्गनियमच आहे, माझेही दरवर्षी एक पौंड वाढते आहे.

हे ऐकून घेणाऱ्या माणसाची अवस्था काय होती? उंची ५ फूट ५ इंच आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. वय ६६ च्या घरात. स्वतःच्या बुटाची नाडी स्वतःला बांधता येत नव्हती. गुडघ्यांवर आणि घोट्यांवर भार येऊ नये म्हणून जिना उतरताना ते पाठमोरे, एकेक पायरी चाचपत उतरत. गाडीत किंवा सभेत शिरले की लोक एकमेकांना कोपरखळ्या देत, म्हणून चारचौघांत जाणेही त्यांनी टाकले होते. लठ्ठ माणसाची चेष्टा हा जणू समाजाचा हक्क, ही समजूत आपल्या लग्नसमारंभांतून अजून गेलेली नाही. त्यामुळे बँटिंग यांचे हे दुःख परके वाटत नाही.

या सगळ्यावर कडी म्हणून त्यांना कमी ऐकू येऊ लागले. ते एका प्रख्यात कानतज्ज्ञाकडे गेले. त्याने कानात डोकावले, कान पुसले, बाहेरून औषध लावले आणि मोकळा झाला. शरीराची बाकीची कुरकुर काय आहे, हे विचारलेदेखील नाही. नंतर तो वार्षिक सुटीवर गेला आणि बँटिंग यांना दुसरा डॉक्टर शोधावा लागला. या सुटीचे उपकार ते जन्मभर मानत राहिले.

दुसरे डॉक्टर म्हणजे सोहो स्क्वेअरमधले विल्यम हार्वे. तेही कानाचेच शल्यविशारद. पण त्यांनी संपूर्ण माणूस तपासला आणि दोष कानात नसून वाढलेल्या चरबीत आहे, असे निदान केले. हार्वे काही वर्षांपूर्वी पॅरिसला गेले असताना क्लोद बर्नार यांची व्याख्याने ऐकून आले होते. यकृत स्वतःच साखर तयार करते, हा बर्नार यांचा शोध त्या वेळी नवा होता. मधुमेहाच्या रोग्याला साखर आणि पिष्टमय पदार्थ बंद करून मांसाहारावर ठेवण्याची पद्धत डॉक्टरांत होतीच. जनावरे पुष्ट करायला शेतकरी धान्य आणि गोड कंद चारतात, हेही उघड होते. हार्वे यांनी या दोन गोष्टी जोडल्या.

त्यांनी बँटिंग यांचा आहार विचारला. सकाळी दूध-पाव, किंवा भरपूर दूध-साखरेचा चहा आणि लोणी लावलेला पाव. दुपारी मांस, बियर, पुन्हा पाव, गोड पेस्ट्री. संध्याकाळी सकाळचीच पुनरावृत्ती. रात्री फळांचे टार्ट किंवा दूध-पाव. हार्वे यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बियर आणि बटाटा हे सहा पदार्थ वगळायला सांगितले. नव्या पथ्यात सकाळी चार-पाच औंस मांस किंवा मासे, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा आणि औंसभर कोरडा भाजलेला पाव. दुपारी पाच-सहा औंस मासे किंवा मांस, बटाट्याखेरीज कोणतीही भाजी, पुन्हा औंसभर पाव आणि वर दोन-तीन पेले वाइन. चहाच्या वेळी थोडी फळे आणि एखादा टोस्ट. रात्री तीन-चार औंस मांस, एखाददुसरा पेला वाइन. झोप येत नसेल तर बिनसाखरेचे कडक मद्यही चालेल. याला पथ्य म्हणायचे की मेजवानी, असा प्रश्न आपल्याला पडेल. पण वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो वजन उतरले आणि कमरेचा घेर १२ इंचांनी घटला. ऐकू येऊ लागले. जिना सरळ तोंडाने उतरता येऊ लागला. नाडीही बांधता येऊ लागली.

इथे खरे तर गोष्ट संपायची. पण आपल्याला ३० वर्षे कोणी हे सांगितले नाही, मग इतरांनाही कोणी सांगत नसणार, ही टोचणी बँटिंग यांना स्वस्थ बसू देईना. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र धाडावे असे आधी मनात आले. पण आपल्यासारख्या सामान्य माणसाला तिथे कोण विचारतो, म्हणून त्यांनी १८६३ च्या मे महिन्यात पदरमोड करून एक छोटी पुस्तिका छापली आणि फुकट वाटली. नाव साधे होते, लठ्ठपणावर जनतेला पत्र. दुसरी आवृत्तीही फुकट गेली. तिसरीला एक शिलिंग किंमत ठेवली, तिच्या ६३ हजार प्रती खपल्या. नफा त्यांनी धर्मादाय संस्थांना दिला. आपण वैद्य नाही, आपल्याला काय झाले एवढेच सांगतो आहोत, हे ते पुन्हा पुन्हा बजावत राहिले. आज आहाराच्या नावाने दुकान मांडणाऱ्यांशी त्यांची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती त्यांच्यावर अन्याय करील.

लंडनमध्ये तुम्ही बँटिंग करता का, हा प्रश्न हवापाण्याइतका सर्रास झाला. व्यंगचित्रे निघाली, विडंबने निघाली. वैद्यकीय वर्तुळाने नाक मुरडले. लॅन्सेटने आधी, यात नवे काय, असा सूर लावला, मग हे धोक्याचे असल्याचा इशारा दिला आणि बँटिंग यांनी डॉक्टरांच्या प्रांतात लुडबुड करू नये असेही सुनावले. बिचाऱ्या हार्वे यांना तर दोन्हीकडून मार. पथ्य का लागू पडते याचे शास्त्र त्यांना पटवून देता येईना, म्हणून सहव्यावसायिक हसले. त्यांनी या विषयावर स्वतःचे पुस्तक काढले ते १८७२ मध्ये, रोग्याच्या पुस्तिकेनंतर तब्बल नऊ वर्षांनी.

माझ्या मते या चरित्रातली सर्वांत बोधक घटना त्यानंतरची आहे. लोक पुस्तिका हातात घेऊन दवाखान्यात येऊ लागले, तेव्हा डॉक्टरांना ती टाळता येईना. जर्मनीत ट्यूबिंगेनच्या फेलिक्स निमायर यांनी बँटिंग पथ्य आपलेसे केले, पण त्यातली चरबी काढून टाकली. १८८२ मध्ये विल्हेल्म एब्स्टाइन यांनी उलट केले, चरबीला मुभा दिली. दोघेही गाढे विद्वान होते आणि दोघांच्याही मुळाशी लंडनच्या एकाच गृहस्थाचे वजन होते. त्या गृहस्थाचे वजन नेमके कशाने उतरले, हे मात्र कोणी ठरवले नव्हते. साखर सुटली म्हणून? बियर सुटली म्हणून? की प्रत्येक घास औंसात मोजला जाऊ लागला आणि एकूण खाणेच घटले म्हणून? एका माणसाच्या अनुभवावरून हे सांगता येत नाही, मग तो माणूस कितीही प्रामाणिक असो.

विसाव्या शतकात वारे अनेकदा फिरले. १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या पुस्तकाने पिष्टमय पदार्थांवर पुन्हा बहिष्कार घातला. २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टिम नोक्स या व्यायामशास्त्रज्ञाच्या सहलेखनातून आलेल्या पुस्तकाने तर ‘बँटिंग’ हा शब्दच नव्याने रूढ केला. तिथल्या उपाहारगृहांच्या यादीत बँटिंग पदार्थ दिसू लागले. मूळ पथ्यातली रोजची वाइन तेवढी कोणाला आठवली नाही. २०१४ मध्ये नोक्स यांनी ट्विटरवर एका आईला बाळाच्या वरच्या आहाराबद्दल याच धर्तीचा सल्ला दिला, तेव्हा एका आहारतज्ज्ञ महिलेने वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. चौकशी वर्षानुवर्षे चालली. २०१७ मध्ये ते निर्दोष ठरले आणि २०१८ मध्ये अपीलही फेटाळले गेले.

आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर नेलेला दोनदाच जेवण्याचा प्रयोग आठवा. एकाच घरात सासरे दोनदा जेवतात, सूनबाई दर दोन तासांनी खातात आणि नातू फक्त प्रथिने मोजतो, हे दृश्य आता नवलाचे नाही. प्रश्न येतो तो घरात मधुमेहाचा रोगी असला की. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना भात-पोळी एकाएकी बंद केली, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. मूत्रपिंड आधीच थकलेले असेल, तर प्रथिनांचा मारा त्याला झेपत नाही. बरेच रोगी पथ्य आधी सुरू करतात आणि डॉक्टरांना नंतर सांगतात, किंवा सांगतच नाहीत, कारण ते रागावतील ही भीती. रागावणारे डॉक्टरही असतात. त्यांना त्या सुटीवर गेलेल्या कानतज्ज्ञाची गोष्ट कोणी तरी सांगायला हवी.

शास्त्राने मधल्या काळात बरेच काम केले. २०१८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ जणांवर वर्षभर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी चरबी कमी केली, निम्म्यांनी पिष्टमय पदार्थ. सरासरीने दोन्ही गटांत पाच-सहा किलो उतरले, फरक नगण्य. पण दोन्ही गटांत काहींचे वजन खूप उतरले आणि काहींचे चक्क वाढले. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या एका प्रयोगात मधुमेहाच्या १४९ रोग्यांना काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींवर ठेवले. सुरुवातीलाच त्यांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या नेहमीच्या दवाखान्यातूनच बंद केल्या होत्या आणि तपासणी चालू होती. वर्षअखेरीस त्यांच्यापैकी ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांवाचून आटोक्यात होता. २०१९ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या तज्ज्ञांनी कमी पिष्टमय आहारालाही उपचाराच्या पर्यायांत जागा दिली. हार्वे यांना हसणारे सगळेच चुकले होते असे नाही, पण हार्वेही वेडे नव्हते, हे कळायला दीडशे वर्षे गेली.

बँटिंग यांनी १८६९ मध्ये पुस्तिकेची आणखी एक आवृत्ती काढली. वजन त्यांनी पुन्हा फारसे वाढू दिले नव्हते. पेढीचा कारभार घरच्यांच्या हाती होता आणि हे निवृत्त गृहस्थ अनोळखी लठ्ठ माणसांच्या पत्रांना उत्तरे लिहीत बसत. १६ मार्च १८७८ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते वारले. पेढी चालूच राहिली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणीची अंत्ययात्रा निघाली, तिची व्यवस्थाही बँटिंग यांच्याकडेच होती.